ब्लॉग आणि रोजच्या चार ओळी: दोन्हींचा मेळ कसा घालावा?

नारळीपोफळी (गुहागर तालुका)

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते. समुद्राच्या अंगाला आमचे नारळ-पोफळीचे आगर आहे आणि वर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर हापूसची साठेक कलमे आहेत. २०१४ सालापासून मी मराठीत ब्लॉग लिहीत आले आहे. आगरातली कामे, पावसाळ्याची बेगमी, विहिरी आणि पाटाचे पाणी, गावातली बदलत गेलेली घरे असे त्याचे विषय आहेत. पहिली सहा वर्षे महिन्याला दोन लेख हा नेम सहसा चुकला नाही. एकेक लेख हजार-बाराशे शब्दांचा असे आणि कागदावर उतरण्याआधी तो आठवडाभर डोक्यात घोळत असे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आमच्याकडे श्रीवर्धन किंवा दापोली-मंडणगडइतकी हानी झाली नाही, तरी माड पडले, वीज गेली आणि मुंबई-पुण्यातले सगळे नातलग काळजीत पडले. फोनला जेव्हा केव्हा रेंज येई तेव्हा मी दोन-दोन ओळींत खुशाली आणि पडझड कळवू लागले. त्या दोन ओळींची सवय लागली ती लागलीच. आज मी व्हॉट्सॲपचे स्टेटस रोज ठेवते, फेसबुकवर फोटोखाली चार ओळी लिहिते आणि एक्सवरही अधूनमधून काही टाकते. गेल्या वर्षभरात ब्लॉगवर मात्र चारच लेख झाले.

वेळ मिळत नाही असे मी म्हणणार नाही, कारण या छोट्या टिपणांना मिळून दिवसाचा तासभर सहज जातो. अडचण निराळी आहे. सकाळी आगरात काही दिसले, त्याचा फोटो काढला आणि दोन ओळी लिहून पाठवल्या, की ते सांगून झाले असे मनाला वाटते. पूर्वी तीच गोष्ट आठ दिवस मनात राहायची, तिला दुसरी गोष्ट येऊन चिकटायची, आणि मग लेख व्हायचा. आता मनात काही साठतच नाही.

दुसरी अडचण शोधण्याची. यंदा जानेवारीत खालच्या बांधावरच्या तीन कलमांना पुनर्मोहोर आला. थंडी लांबली की पहिल्या मोहोराची फळे वाटाण्याएवढी धरलेली असतानाच झाड पुन्हा मोहोर काढते, आणि झाडाचे सगळे बळ त्या नव्या मोहोराकडे गेल्यामुळे धरलेली फळे गळून पडतात. याआधी असे कोणत्या वर्षी झाले होते, असे शेजारच्या बागायतदारांनी मला विचारले. मी तेव्हा लिहिले होते हे मला पक्के आठवत होते. झाडाखाली पडलेली बारीक फळे तळहातावर घेऊन काढलेला फोटोसुद्धा डोळ्यांपुढे होता. दोन संध्याकाळी मी पडद्यावर बोट सरकवत बसले, पण ते टिपण काही सापडले नाही. ब्लॉगवरचा २०१६ मधला मोहोराचा लेख मात्र शोधताच मिळाला. त्यात तारीख होती, कोणत्या कलमांना मोहोर आला ते होते, आणि खाली एका वाचकाने आपल्या बागेतली तारीखही नोंदवलेली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे मध्यंतरी एका माध्यमावरचे माझे खाते काही कारण न सांगता सात आठवडे बंद होते. ते परत मिळाले, पण त्या सात आठवड्यांत मला कळले की तीन वर्षांच्या टिपणांची माझ्याकडे एकही प्रत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते. छोटी टिपणे बंद करून पुन्हा केवळ ब्लॉगच लिहावा का? की तीच टिपणे ब्लॉगवरही घ्यावीत? तसे केल्यास, दीर्घ लेखांसाठी येणाऱ्या जुन्या वाचकांना त्या दोन-दोन ओळींचा त्रास होईल का? आणि नवा लेख लिहिल्यावर त्याचा नुसता दुवा टाकला तर कुणी उघडत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यावर आपण काय करता?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, टिपणे बंद करू नका, असे मी सुरुवातीलाच सांगतो. माझ्या ब्लॉगवरचा जो एक लेख लोक आजही शोधत येतात, तो निव्वळ अशा टिपणांतून उभा राहिला आहे.

आमचे घर बाजारपेठेच्या जवळ, दुसऱ्या मजल्यावर आहे. २२ जुलै २०२१ रोजी पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा मी जिन्यात बसून होतो, आणि नातलगांना कळावे म्हणून जिन्याच्या पायऱ्या मोजून पाठवत होतो. ‘पहाटे ५.१०, चौथी पायरी बुडाली.’ ‘६.३५, सातवी.’ पुढे रेंज गेली तरी मी लिहीत राहिलो, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. पूर ओसरल्यावर, गाळ काढून झाल्यावर, मी टेप घेऊन त्या पायऱ्या मोजल्या. प्रत्येक पायरी सात इंचांची आहे. म्हणजे कोणत्या वेळी पाणी किती चढले होते आणि कोणत्या तासात ते सर्वांत वेगाने वाढले, हे मला इंचांत सांगता आले. त्याच्या शेजारी खाडीच्या भरतीच्या वेळा मांडल्या आणि तो लेख तयार झाला. लिहायला मला चार महिने लागले, पण त्यातला कणा त्या सकाळच्या अकरा ओळींचा आहे.

याच्या उलट २६ जुलै २००५ च्या पुराची गोष्ट. त्याविषयी मी पुष्कळ जणांशी बोललो आहे. पाणी कुठवर आले होते हे प्रत्येक जण भिंतीवर हात ठेवून दाखवतो; पण केव्हा आले, हे विचारल्यावर दोन माणसांच्या सांगण्यात तीन-तीन तासांचा फरक पडतो. त्या वेळी जिन्यात बसून कुणी लिहीत नव्हते.

तरीही माझ्या अकरा ओळींपैकी सहा जवळजवळ गेल्याच होत्या. त्या मी स्टेटसवर ठेवल्या होत्या आणि स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. माझ्या पुण्याच्या मावसभावाने काळजीपोटी त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, म्हणून त्या वाचल्या. तेव्हापासून मी एक नेम केला आहे. दिवसभरात जे कुठे लिहिले असेल ते रात्री जेवणापूर्वी एका जागी उतरवायचे. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे चुकली तर दुसऱ्या दिवशी ते काम होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. ‘आज’, ‘आत्ता’, ‘इथे’ हे शब्द छोट्या टिपणात वापरू नयेत. पुरानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्यात एका रात्री, माझाच जुना निरोप गटागटांतून फिरत माझ्याकडे परत आला: ‘पाणी वाढत आहे, खालच्या गाड्या आत्ताच हलवा.’ त्यावर तारीख नव्हती आणि माझे नावही नव्हते. आमच्या आळीतल्या माणसांनी भर पावसात रात्री अकरा वाजता गाड्या वर नेल्या, आणि त्यांत ज्यांना चालताना त्रास होतो असे एक वृद्ध गृहस्थही होते. त्या रात्री नदी पात्रातच होती. पाठवलेले टिपण कुठे जाईल आणि केव्हा वाचले जाईल हे आपल्या हाती राहत नाही, म्हणून तारीख, वेळ आणि ठिकाण त्या ओळीतच लिहावे. माध्यम वर जी तारीख दाखवते ती मजकूर पुढे पाठवताना सोबत जात नाही.

आपल्या मोहोराचेही हेच आहे. ‘पुन्हा मोहोर आला बाई!’ असे लिहिले असेल तर ते सापडणार कसे? ‘पुनर्मोहोर, खालचा बांध, तीन कलमे, १८ जानेवारी’ असे लिहिले असते तर शोधताना यातला एखादा तरी शब्द हाती लागला असता.

लालमाती (मूळ गाव देवगड तालुका, सध्या डोंबिवली)

मी लिहिणारी नाही, वाचणारी आहे. त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगते.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते आणि आम्ही आईबरोबर गावी. दर महिन्याला मनीऑर्डर येई. तिच्या फॉर्मला खाली निरोपासाठी थोडी जागा असे आणि तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राही. त्यात वडील बारीक अक्षरांत चार ओळी लिहीत: पैशांपैकी किती कुणाला द्यायचे, गाय गाभण आहे का, कौले चाळून झाली का. आई ते तुकडे देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवत असे. महिन्या-दीड महिन्याने आंतरदेशीय पत्र येई आणि त्याची सुरुवात बहुधा ठरलेली असे: ‘मनीऑर्डरीत लिहिले होते, ते सविस्तर असे.’ मग खोलीवरचे भांडण, गिरणीतली पाळी, गाववाल्यांपैकी कोण आजारी आहे, हे सगळे येई. तुकड्यात मावणार नाही ते पत्रात येई, पण तुकड्यामुळे पत्राची वाट पाहिली जाई. आई म्हणायची, ‘चार ओळी वाचल्यावर बाकीचे काय असेल त्याचा घोर लागतो.’

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात दिसते. ‘ब्लॉगवर नवा लेख लिहिला आहे, जरूर वाचा’ आणि खाली दुवा, असे काही आले तर मी ते उघडत नाही. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना मला एका हाताने जे वाचता येते ते मी वाचते, आणि अशा ओळीत वाचण्यासारखे काही नसते. पण समजा आपण लिहिले की ‘थंडी लांबली म्हणून खालच्या बांधावरच्या तीन कलमांनी धरलेली फळे टाकली, वरच्या सड्यावरच्या एकाही कलमाने टाकली नाहीत’, तर ती ओळ माझ्याबरोबर घरापर्यंत येते. वरच्यांनी का टाकली नाहीत, हे मला हवे असते. त्याखाली दुवा असला तर रात्री, नसला तर रविवारी मी स्वतः शोधून आपल्या ब्लॉगवर येते. त्या ओळीने मला स्वतःपुरते काहीतरी दिलेले असते आणि काहीतरी राखूनही ठेवलेले असते.

आणि आपला लेख जेव्हा येतो तेव्हा त्यात छोट्या टिपणाचा उल्लेख असावा, असे मला मनापासून वाटते. ‘गेल्या महिन्यात ज्या तीन कलमांबद्दल लिहिले होते, त्यांचे पुढे असे झाले’ असे वाचले की जे दोन्हीकडे आहेत त्यांना धागा सापडतो. आम्हा चाकरमान्यांना गावाची खबर रोज हवी असते हे खरे आहे. पण गाव समजायला ती खबर पुरत नाही, आणि हे आम्हालाही कळते.

कातळसडा (रत्नागिरी)

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. मी व्यवस्थेच्या बाजूने लिहितो, कारण माझा दिवसभराचा व्यवसाय संकेतस्थळे बांधण्याचा आहे.

आधी स्वतःच्या जागेवर लिहावे आणि मग तिथून इतरत्र पाठवावे, ही पद्धत स्वतंत्र संकेतस्थळे चालवणाऱ्यांमध्ये बरीच रुळलेली आहे. ताई सध्या याच्या उलट करत आहेत. त्यांचे मूळ लेखन दुसऱ्याच्या अंगणात आहे, आणि दुसऱ्याच्या अंगणाचे दार केव्हा लागेल याची खात्री नसते. ज्या सेवांवर मराठी माणसे हौसेने लिहीत होती त्यांतली ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. ब्लॉग एकत्र वाचण्यासाठी अनेक जण ज्यावर विसंबून होते ते गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजीच गेले होते, आणि फीडबर्नर या गूगलच्याच सेवेमार्फत नवे लेख ईमेलने पाठवण्याची सोय २०२१ च्या जुलैत थांबली. तीन-चार वर्षे ब्लॉग नियमित उघडणारे जे वाचक आपल्याला एकाएकी दिसेनासे झाले असतील, त्यांतले काही या शेवटच्या कारणाने हरवले असण्याचा संभव आहे. त्यांच्यापर्यंत लेख पोहोचतच नसावा.

ब्लॉगवरून आपोआप इतरत्र पाठवण्याचेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. फेसबुकने १ ऑगस्ट २०१८ पासून बाहेरच्या सेवांना व्यक्तिगत प्रोफाइलवर लिहिण्याची मुभा काढून घेतली. पेजवर ते चालते. वर्डप्रेस डॉट कॉमवरून ट्विटरवर (आताच्या एक्सवर) आपोआप जाणारे लेख २०२३ च्या मे महिन्यात थांबले. त्यामुळे ही पाठवणी हाताने करण्याची तयारी ठेवावी. मला त्यात तोटा दिसत नाही, कारण आपोआप गेलेल्या ओळीत शीर्षक आणि दुवा याखेरीज काही नसते, आणि लालमातीताईंनी म्हटल्याप्रमाणे ती कुणी उघडत नाही.

आता टिपणे ब्लॉगवर घेतल्यास जुन्या वाचकांना त्रास होईल का, याविषयी. आपला ब्लॉग गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर असेल तर प्रत्येक टिपणाला ‘टिपण’ असे एकच लेबल द्यावे आणि दीर्घ लेखाला ‘लेख’. ब्लॉगरवर प्रत्येक लेबलची स्वतंत्र फीड, म्हणजे नव्या नोंदी वाचकाला आपोआप पोहोचवणारा दुवा, असते. ज्यांना केवळ लेख हवेत त्यांना ‘लेख’ची फीड द्यावी, आणि वर मेनूमध्ये दोन्हींची वेगळी पाने ठेवावीत. वर्डप्रेसवर हेच काम वर्गवारीने होते. मी स्वतः याहून सोपा मार्ग वापरतो: रोजची टिपणे महिनाभर एकाच नोंदीत वाढवत नेतो. ‘टिपणवही, जानेवारी’ अशी एक नोंद, तिच्यात तारखेनुसार ओळी. महिना संपला की ती बंद करतो. शोधताना सगळा महिना एका पानावर दिसतो, आणि वाचकाला महिन्यात एकच नवी नोंद पोहोचते.

शब्दमर्यादेबद्दल एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याची १४० अक्षरांची मर्यादा मोबाइलच्या एसएमएसवरून आली होती: एसएमएसमध्ये १६० मावत, त्यांतली २० नावासाठी राखलेली. पण ते १६० रोमन लिपीसाठी होते. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० च मावतात, हे ज्यांनी त्या काळी मराठीत निरोप पाठवले त्यांना आठवत असेल. २०१७ च्या नोव्हेंबरात ट्विटरची मर्यादा २८० झाली. तरी ही मोजणी आपण शाळेत शिकलेल्या अक्षरांची नसते. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे धरले जातात. ‘रत्नागिरी’ म्हणताना आपण चार अक्षरे म्हणतो, पण तिथे ती नऊ भरतात: र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी. त्यामुळे २८० मध्ये मराठीचे चाळीसेक शब्द बसतात. चाळीस शब्दांत एक निरीक्षण नीट मावते, दोन मावत नाहीत. मी ही मर्यादा उपकारक मानतो आणि जिथे ती नाही तिथेही पाळतो.

फोटोंविषयी: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार घटवला जातो आणि त्यात कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख, वेळ, स्थान ही माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो स्वतःकडे ठेवावा, आणि दुसऱ्याला मूळच पाठवायचा असेल तर दस्तऐवज म्हणून पाठवावा. वर्षातून दोनदा, म्हणजे आपल्याकडे मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर, ब्लॉगची संपूर्ण प्रत उतरवून घ्यावी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींमध्ये ती सोय आहे. फेसबुक आणि एक्सवरूनही आपल्या मजकुराची प्रत मागवता येते. ताईंचे खाते आता सुरू असेल तर त्यांनी हे काम याच आठवड्यात करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या पुनर्मोहोराचे टिपण बहुधा त्या प्रतीत सापडेल.

सुरूचे बन (दापोली तालुका)

मला एका वेगळ्या अंगाकडे लक्ष वेधायचे आहे: काही गोष्टी लगेच सांगू नयेत.

मी गेली काही वर्षे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या कामात हातभार लावतो. वेळास, आंजर्ले या गावांमुळे हे काम आता सर्वांना माहीत आहे. मादी रात्री वाळूत अंडी घालून जाते. ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवून पुन्हा तेवढ्याच खोलीवर पुरली जातात आणि साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. टोपलीखाली वाळू जराशी खचलेली दिसली की आमचे काळीज धडधडू लागते, आणि खिशातल्या फोनकडे हात जातो.

पहिल्या वर्षी मी तो हात आवरला नाही. ‘आत्ता एवढी पिल्ले आली, लगेच या’ असे लिहून टाकले. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे पोहोचली, लांबून आलेली, मुलांना घेऊन. आणि टोपलीखाली काही नव्हते. पिल्ले आपल्या वेळेने येतात. त्या लोकांचे चेहरे मला अजून आठवतात. आता मी आकडा दुसऱ्या दिवशी लिहितो, ‘काल’ असे स्पष्ट सांगून. अंडी सापडलेली मूळ जागा तर ती हलवून होईपर्यंत कुठेच लिहीत नाही.

जे सडे फिरतात त्यांनीही हे मनावर घ्यावे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला आहे, पण पुष्कळ ठिकाणी त्यांच्याभोवती साधा गडगाही (दगडी कुंपणही) नाही. नवे शिल्प दिसल्याचा आनंद स्थानासकट त्याच मिनिटाला सर्वत्र गेला, तर पुढच्या रविवारी त्यावर मोटारसायकली उभ्या राहतात. दीर्घ लेखात तीच गोष्ट सांगताना जमीन कुणाची, चालायचे कुठून, पाय कुठे ठेवू नये, हे सांगायला जागा असते. चाळीस शब्दांत ती नसते. जिथे सावधगिरी सांगणे भाग आहे, ती गोष्ट चार ओळींची नाहीच, असे मी समजतो.

तुळशीकट्टा (वेंगुर्ले)

मला थोडे वेगळे वाटते आणि ते मांडते. इथे सगळे जण छोट्या टिपणांकडे कच्चा माल म्हणून पाहत आहेत: जपावे, तारीख घालावी, पुढे त्याचा लेख करावा. ओवी चार चरणांचीच असते आणि तिचा पुढे लेख व्हावा असे कुणी म्हणत नाही. जात्यावर बसून आमच्या आज्या ज्या दोन-दोन ओळी जोडत त्या तिथेच पूर्ण होत्या.

ताईंची पहिली तक्रार मला सर्वांत खरी वाटली, आणि तिच्याकडे फारसे कुणी वळले नाही. मनात साठत नाही, असे त्या म्हणतात. याचा उपाय लेबलांत नाही. मला हा त्रास झाला तेव्हा मी लिहिण्याची नव्हे, पाठवण्याची वेळ बदलली. सकाळी जे दिसते ते वहीत पेन्सिलने लिहिते आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर वाचते. तोवर ती ओळ पुरेशी वाटली तर तशीच पाठवते. तिच्यामागून दुसरी, तिसरी येऊ लागली, तर ती पाठवत नाही. तो लेख असतो. ही निवड सकाळी करता येत नाही, कारण सकाळी सगळेच सांगावेसे वाटते. शिवाय पाठवले नाही तर कुणाचे पसंतीचे अंगठे येत नाहीत आणि ते सांगून झाले असे मनाला वाटत नाही. दहा-बारा तासांचे हे अंतर मला पुरले.

आणि चोवीस तासांत नाहीसे होणारे स्टेटस नाहीसे होऊ द्यावे, असेही मी म्हणेन. माडावर बसलेल्या खंड्याचा फोटो दिवसभर चार माणसांनी पाहिला आणि तो गेला, यात काही बिघडले नाही.

नारळीपोफळी

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण आपण सांगितलेल्या काही गोष्टी करून पाहत होते.

कातळसडा यांच्या सांगण्याप्रमाणे फेसबुकवरच्या मजकुराची प्रत मागवली. पुनर्मोहोराचे टिपण त्यात मिळाले. २०२२ च्या फेब्रुवारीतले आहे. त्यात मी लिहिले आहे, ‘हे बघा काय झाले!’ एवढेच, आणि खाली तो तळहातावरचा फोटो. कोणती कलमे, किती, काहीही नाही. वाशिष्ठीकाठ यांचे म्हणणे मला त्या क्षणी पुरते पटले. फोटोतल्या मागच्या दगडी बांधावरून जागा ओळखता आली, ती खालच्याच बांधाची आहे. म्हणजे दोन्ही वेळा त्याच तीन कलमांनी फळे टाकली असावीत. यावर लेख लिहायला घेतला आहे आणि त्याची सुरुवात लालमातीताईंच्या वडिलांच्या रीतीने केली आहे.

टिपणवही या महिन्यापासून सुरू केली. तुळशीकट्टाताईंनी सांगितलेले संध्याकाळपर्यंत थांबणे फार जड जाते. पहिल्या दिवशी तर दुपारीच पाठवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी थांबले. सकाळी लिहिले होते, ‘विहिरीचे पाणी रहाटाच्या खुणेखाली दोन हात गेले.’ संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली गेल्या वर्षी ते केव्हा गेले होते, शेजारच्या बोअरवेलचा काही संबंध असेल का, अशा सात ओळी झाल्या होत्या. ते पाठवले नाही. खंड्याचा फोटो मात्र लगेच टाकते आणि त्याची चिंता सोडली आहे.

हे सगळे करताना माळ्यावरच्या ट्रंकेतून सासूबाईंच्या जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका काढल्या. तारखेच्या चौकटीत त्या पेन्सिलने लिहीत असत: दूध आले नाही, गडी तीन, नारळ इतके उतरवले, विहिरीजवळच्या कलमाला मोहोर दिसला. १९८७ पासूनच्या आहेत. मधली दोन वर्षे वाळवीने खाल्ली आहेत. एका चौकटीत चार-पाच शब्दांहून जास्त मावत नाही, पण पुनर्मोहोर त्यात तीनदा नोंदलेला सापडला, दर वेळी कलमाच्या नावासकट. या नोंदी मी टिपणवहीत वर्षावार उतरवून घेत आहे.

वाशिष्ठीकाठ, आपल्यासाठी एक चौकट बाजूला ठेवली आहे. २६ जुलै २००५. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे घर तेव्हा चिपळुणात होते. चौकटीत लिहिले आहे: ‘पाऊस कालपासून. दुपारी २ ला फोन झाला, पाणी दारात. ४ नंतर फोन नाही.’ आपल्याला उपयोग होणार असेल तर त्याचा फोटो दस्तऐवज म्हणून पाठवते.